ठिपके गेल्यानंतरचे दिवस

समुद्री माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. दुकानातून एखादी बाटली येते, तिच्यावर लिहिलेले थेंब मोजून टाकीत सोडले जातात आणि तीन-चार दिवसांत ठिपके जातात. घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. आठवड्याभराने ठिपके परत येतात, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि या खेपेला मासा खाणेही सोडतो. मग दुसरी बाटली येते. खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्यांच्या संगतीत मी बरीच वर्षे काढली आहेत, आणि मासे दगावताना मी पाहिले ते बहुतांशी याच क्रमाने. पहिल्या बाटलीने काहीच केलेले नसते. ठिपके त्यांच्या ठरलेल्या वेळी गेलेले असतात. औषध घातले नसते तरी ते त्याच दिवशी गेले असते.

हे पुस्तक त्या मधल्या आठवड्याबद्दल आहे. मासा स्वच्छ दिसतो, माणूस निश्चिंत असतो आणि टाकीच्या तळाशी रोग दुणावत असतो, असा तो आठवडा. पुढच्या प्रकरणांत औषधे आहेत, त्यांची प्रमाणे आहेत, मोजमापाची साधने आहेत. पण ती वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे. समुद्री माशांच्या परजीवी रोगात औषधाच्या निवडीपेक्षा दिवसांचा हिशोब मोठा आहे. परजीवीच्या आयुष्यात तो उघडा पडतो असे थोडेच तास असतात. त्या तासांना गाठले तर साधा उपायही लागू पडतो, ते चुकले तर महागडे औषधही वाया जाते. आणि हा हिशोब करण्याची सर्वांत स्वस्त, सर्वांत खात्रीची वेळ मासा मुख्य टाकीत जाण्याआधीची असते.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणाऱ्या जीवाचे नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. हा एकपेशीय सिलिएट आहे, म्हणजे अंगभर सूक्ष्म केस असलेला आणि त्यांच्या हालचालीने पोहणारा. गोड्या पाण्यात मासे पाळणाऱ्यांना ‘इक’ हा ठिपक्यांचा रोग ठाऊक असतो, आणि खाऱ्या पाण्यातल्या या रोगालाही ते त्याच नावाने हाक मारतात. ठिपके सारखे, राहणीही बरीचशी सारखी, पण दोन्ही जीवांचे नाते दूरचे आहे, हे आता जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. गोड्या पाण्यातले उपाय जसेच्या तसे इकडे आणू नयेत याचे पहिले कारण हेच. पाणी तापवून इक घालवणाऱ्याने तोच प्रयोग समुद्री टाकीत केला, तर परजीवीचे फारसे बिघडत नाही. गरम पाण्यात प्राणवायू मात्र कमी होतो आणि कल्ले आधीच खराब झालेल्या माशाचा श्वास आणखी कोंडतो.

माशाच्या अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे खात बसलेला परजीवी. या अवस्थेला ट्रोफाँट म्हणतात. तो कातडीवर चिकटलेला नसतो, कातडीच्या वरच्या थराखाली शिरलेला असतो. माशाची स्वतःची त्वचाच त्याच्यावर छप्पर धरते, म्हणून पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तीन ते सात दिवस तो माशाच्या पेशींवर पोसला जातो आणि मग स्वतःहून बाहेर पडतो. घरातले लोक ज्याला बरे होणे समजतात तो हाच क्षण. खाली उतरल्यावर काही तास तो वाळूवर, दगडावर, काचेवर सरपटतो, जागा निवडतो आणि स्वतःभोवती कोष विणतो. कोषाची भिंत चिवट असते, औषध तिथेही हात टेकते. आत त्याची विभागणी सुरू होते आणि एका कोषातून दोनशेपर्यंत पिल्ले तयार होऊ शकतात. ही पोहणारी पिल्ले, थेराँट, बाहेर आली की त्यांना थोड्या तासांत मासा सापडावा लागतो. सहा-आठ तासांनंतर त्यांची शिरकाव करण्याची ताकद झपाट्याने ओसरते, दोन दिवसांत ती संपतात. सगळ्या आयुष्यचक्रात औषधाला उघडी सापडते ती फक्त हीच अवस्था.

कोष फुटण्याची वेळही पाहण्यासारखी आहे. पिल्ले बहुतेक करून अंधारात, पहाटेच्या आधी बाहेर येतात. त्या वेळी प्रवाळातले मासे खडकाच्या कपारीत, तळाशी निश्चल झोपलेले असतात, आणि कोषही तिथेच असतात. लाखो वर्षांत जुळून आलेली ही वेळ आहे. दिवसा दिवे लावून टाकीकडे बघणाऱ्या माणसाला यातले काहीच दिसत नाही.

आता हे सारे समुद्रात होते तेव्हा काय होते ते पाहू. ऑस्ट्रेलियातल्या आग्नेय क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर पकडलेल्या रानटी माशांवरही हा परजीवी सापडला आहे, पण थोड्या संख्येने, आणि मासे एरवी धडधाकट. ठिपका माशावरून गळतो तेव्हा मासा पोहत पुढे गेलेला असतो. कोष फुटतो तेव्हा भोवती अथांग पाणी असते. दोनशे पिल्लांपैकी एखाद्याला मासा मिळाला तर वंश चालतो, न मिळाला तर नाही. आता तीच दोनशे पिल्ले दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत सोडा, जिथून मासा कुठेही जाऊ शकत नाही. त्यांतल्या दहांना जरी मासा सापडला तरी एकाचे दहा, दहांचे शंभर, शंभराचे हजार व्हायला तीन फेऱ्या पुरतात, आणि उबदार पाण्यात एक फेरी साधारण दीड-दोन आठवड्यांची. परजीवी क्रूर झालेला नसतो. आपण त्याला असे घर बांधून दिलेले असते की त्याला चुकता येत नाही. बंद टाकीत मासे ठेवण्याचे ठरवले त्याच दिवशी समुद्राचे एक काम, पांगवण्याचे, आपण अंगावर घेतले. ते काम करायचे की नाही हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही, असे मला मनापासून वाटते.

या रोगांचे ज्ञान कुठून आले हेही सांगायला हवे, कारण त्याची किंमत माशांनीच मोजली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मोठ्या शहरांत सार्वजनिक मत्स्यालये उभी राहिली होती. दूरच्या प्रवाळांतले मासे प्रथमच एका पाण्यात एकत्र आले, आणि भराभर मरू लागले. न्यू यॉर्कच्या बॅटरी पार्कातल्या मत्स्यालयात माशांच्या अंगावर आणि डोळ्यांवर चपटे, पारदर्शक कृमी सापडले, त्यांचे वर्णन मॅककॅलम यांनी १९२७ मध्ये केले. आज आपण त्यांना निओबेनेडेनिया म्हणतो आणि आजही ते टाक्यांत शिरतात. लंडनमध्ये ब्राउन यांनी १९३१ साली माशांच्या कल्ल्यांवरच्या एका एकपेशीय जीवाची, डायनोफ्लॅजेलेटची, नोंद केली. मखमलीसारखी झाक आणणारा हाच तो ‘वेल्व्हेट’, अमायलोओडिनियम. न्यू यॉर्कच्या मत्स्यालयात काम करणाऱ्या रॉस निग्रेली यांनी १९३६ मध्ये त्याचे आयुष्यचक्र उलगडले. पांढऱ्या ठिपक्यांचा जीव जपानमध्ये सिकामा यांनी १९३० च्या दशकात पाहिला होता, पण आजचे शास्त्रीय नाव त्याला ब्राउन यांनीच १९५१ मध्ये दिले. तांब्याच्या क्षाराचा उपचार सान फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये मांडला. क्लाउनफिशच्या त्वचेचा चिकट थर सोलवटणारा ब्रुकलिनेला १९७० मध्ये लोम आणि निग्रेली यांनी नोंदवला. न्यू यॉर्कचे मत्स्यालय तोवर ब्रुकलिनमध्ये हलले होते, आणि जीवाच्या नावात ब्रुकलिन कायमचे राहिले. पुढे १९८० च्या दशकात तांबड्या समुद्राच्या काठी, इस्रायलमधल्या एलातमध्ये, अँजेलो कोलोर्नी यांनी मत्स्यशेतीतल्या माशांवर काम करून कोषांचे दिवस मोजले. घरी टाकी ठेवणारा माणूस आज ज्या दोन-तीन उपायांवर विसंबतो, त्यांचा पाया त्या मोजणीत आहे.

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेही १९५१ मध्येच. मरीन ड्राइव्हवरच्या त्या इमारतीत शाळेच्या सहलीने जाऊन काचेला नाक लावून उभे राहिलेल्यांच्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत, आणि समुद्री मासे घरी ठेवण्याची हौस कित्येकांना तिथेच जडली. हौस आली, मासे आले, फुले मंडईतल्या आणि कुर्ल्याच्या दुकानांत मीठ आणि पाण्यातला मळ काढणारे स्किमर मिळू लागले. रोगांवर मराठीत सलग, विश्वासाने वाचावे असे काही मात्र मागे राहिले. हे पुस्तक लिहिण्यामागची निकड ती आहे.

सगळे ठिपके एका रोगाचे नसतात, आणि इथे घाई महागात पडते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात दाणे मिठाच्या कणांसारखे सुटे, मोजता येण्याजोगे असतात. वेल्व्हेटमध्ये बारीक धूळ बसल्यासारखी दिसते, तीही तिरप्या उजेडात नीट पाहिले तर. पण वेल्व्हेट कातडीच्या आधी कल्ल्यांवर बसतो. मासा पाणी फिरवणाऱ्या पॉवरहेडच्या प्रवाहासमोर तोंड करून उभा राहतो, उजेड टाळतो, श्वास भराभर घेतो, आणि अंगावर काही दिसायच्या आत मरून पडू शकतो. याच्या एका कोषातून २५६ पर्यंत पिल्ले निघतात आणि ती क्रिप्टोकॅरियॉनच्या पिल्लांपेक्षा कितीतरी जास्त दिवस माशाशिवाय तग धरतात. पांढऱ्या ठिपक्यांत विचार करायला एक-दोन दिवस मिळतात, वेल्व्हेटमध्ये तासही मोजून मिळतात. माझ्या मते नवशिक्याने ओळखायला शिकावा असा पहिला रोग हा आहे, पांढरे ठिपके नव्हेत.

ब्रुकलिनेला कोष करत नाही. तो माशावरच दुभंगत जातो, त्यामुळे त्याला थांबावे लागत नाही. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढुरका चिकट पदार्थ पातळ पापुद्र्यासारखा सुटायला लागला, तर त्याचाच संशय घ्यावा. युरोनेमा नावाचा परजीवी लाल, रक्ताळलेले चट्टे उठवतो, विशेषतः क्रोमिस माशांवर, आणि तो पाण्यात माशावाचूनही जगतो, म्हणून टाकी रिकामी ठेवून जात नाही. चपट्या कृमींनी डोळे धुरकटतात, मासा दगडावर अंग घासतो. फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या गाठी आल्या तर तो लिम्फोसिस्टिस असतो. तो विषाणूचा आजार आहे, परजीवीचा नाही, आणि चांगल्या पाण्यात बहुधा आपोआप ओसरतो. त्याच्यावर तांबे ओतणाऱ्यांनी मासा विनाकारण छळलेला मी पाहिला आहे.

ओळख पटवायला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, शंभरपट मोठे दाखवणारा. माशाच्या अंगावरून काचेच्या पट्टीने हलकेच घेतलेला चिकट थर समुद्राच्या पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिला की संथ गरगरणारा गोल क्रिप्टोकॅरियॉन, न हलणारा नासपतीच्या आकाराचा वेल्व्हेट आणि आकुंचन पावणारा कृमी यांत गल्लत होत नाही. एका चांगल्या टँग माशाच्या किमतीत हे साधन येते. चौथ्या प्रकरणात मी त्यावर हात आखडता न घेता लिहिले आहे, कारण ओळखीशिवाय केलेला उपचार म्हणजे नुसती आशा.

आता विलगीकरणाकडे येतो. त्याबद्दल मी जितके बोलतो तितके लोक कंटाळतात, तरी बोलतो. घरात येणारा समुद्री मासा किती हातांतून येतो हे एकदा डोळ्यांसमोर आणावे. इंडोनेशियात, श्रीलंकेत किंवा मालदीवमध्ये कुणी पाणबुड्याने तो धरला, गोळा करणाऱ्याने साठवला, निर्यातदाराने पिशवीत भरला, विमानाने आला, घाऊक व्यापाऱ्याच्या टाकीत उतरला, तिथून दुकानात. प्रत्येक मुक्कामाला पाणी वेगळे आणि शेजारी वेगळे. घाऊक व्यापाऱ्यांकडे कित्येक टाक्यांना एकच फिरते पाणी असते, म्हणजे एका माशाचा रोग साऱ्यांचा. काही ठिकाणी त्या पाण्यात थोडे तांबे कायम असते. ते रोग मारण्याइतके नसते, पण दाबून ठेवते. दुकानात मासा निर्मळ दिसतो, घरच्या तांबेविरहित पाण्यात आला की चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके उठतात, आणि मालकाला वाटते आपलेच पाणी बिघडले. यात दुकानदाराची लबाडी असतेच असे नाही. मासे जगवण्याचा तोही एक मार्ग आहे. पण खरेदी करणाऱ्याने दुकानातल्या निर्मळ कातडीवर भरवसा ठेवू नये.

म्हणून नवा मासा वेगळ्या टाकीत, किमान महिनाभर. ती टाकी देखणी नसावी. तळाला वाळू नको, दगड नको. लपायला प्लंबिंगच्या पाइपचे तुकडे, एक हवा सोडणारा पंप, जुन्या टाकीत जिवाणूंनी मुरलेला स्पंज, अमोनिया मोजायचा संच. वाळू आणि प्रवाळी दगड चुनखडीचे असतात, ते तांबे शोषून घेतात, मग पाण्यात किती उरले हे कळत नाही. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या टाकीला जागा कुठली, हा प्रश्न रास्त आहे. साठ-सत्तर लिटरचा प्लास्टिकचा डबाही चालतो आणि काम झाल्यावर तो धुऊन, वाळवून माळ्यावर जातो. वाळवणे महत्त्वाचे आहे, कारण पूर्ण कोरडेपणा कोषांना सोसत नाही. दोन टाक्यांत एकच जाळी, एकच नळी, एकच ओला हात वापरायचा नाही. इथे नेमाने वागणारे आजही फार थोडे आहेत.

उपचारांत तांबे सर्वांत जुने आणि अजूनही भरवशाचे. पाण्यात मोकळे तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात सतत राहिले पाहिजे. खाली गेले तर पिल्ले वाचतात, वर गेले तर मासा धोक्यात. एक दिवसही खंड पडला तर त्या पहाटे फुटलेले कोष पुन्हा मासा गाठतात, आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. म्हणून तांब्याचे औषध आणि ते मोजणारा संच ही एकच खरेदी समजावी. बांधलेल्या, म्हणजे चिलेटेड, तांब्याची प्रमाणे वेगळी असतात आणि त्याला संचही वेगळा लागतो. एकाचे आकडे दुसऱ्याला लावल्याने टाक्याच्या टाक्या गेल्याची उदाहरणे आहेत. मुख्य टाकीत तांबे कधीच घालू नये. प्रवाळ, कोळंबी, शंख, ॲनिमोनी यांना ते विष आहे, आणि एकदा दगडांत मुरले की तिथून ते हळूहळू पाझरत राहते.

मला स्वतःला आवडणारा उपाय औषधाविना आहे. कोलोर्नींच्या कामातून निघालेली ही पद्धत दिवसांच्या हिशोबाचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. ठिपका माशावरून गळल्यापासून कोष फुटायला सहसा तीन दिवस तरी लागतात. मग तीन दिवस पुरे व्हायच्या आत मासा दुसऱ्या, कोरड्या आणि निर्जंतुक केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवायचा. गळलेले ठिपके जुन्या टाकीत कोष करून मागे राहतात आणि फुटतात तेव्हा तिथे मासाच नसतो. असे चार वेळा केले, की बारा दिवसांत अंगावरचे सगळे ठिपके गळून गेलेले असतात आणि नवा एकही बसलेला नसतो. कष्ट आहेत, पाणी फार लागते, पण मासा कुठलेही विष न पिता मोकळा होतो. वेल्व्हेटला मात्र ही पद्धत पुरत नाही, त्याची पिल्ले जास्त काळ टिकतात आणि त्याचे दिवस वेगळे आहेत. ओळख आधी, उपचार मागून, ते याचसाठी.

खारटपणा उतरवण्याचा उपाय समजायला सोपा आहे. समुद्राचे पाणी सुमारे ३५ पीपीटीचे, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षारांचे, माशाचे रक्त त्याच्या साधारण एक-तृतीयांश. समुद्री मासा सतत पाणी पितो आणि जादा मीठ बाहेर टाकत राहतो. पाणी १५ पीपीटीच्या आसपास उतरवले की माशाचे हे ओझे कमी होते, तर परजीवीची पेशी मात्र पाणी शिरून फुटते. पण २००३ मध्ये तैवानमधून आलेल्या अभ्यासात ५ पीपीटीतही तगून राहिलेले क्रिप्टोकॅरियॉन नोंदवले गेले, आणि वेल्व्हेट तर खाडीच्या मचूळ पाण्यातही सुखाने राहतो. उपाय बाद झाला असे मी म्हणत नाही. खारटपणा मोजणाऱ्या चांगल्या रिफ्रॅक्टोमीटरवाचून आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून तो करू नये, एवढेच.

आणि मुख्य टाकी? मासे बाहेर काढले की ती रिकामी ठेवायची. प्रवाळ आणि शंख आत राहिले तरी चालतात, कारण क्रिप्टोकॅरियॉन माशावाचून पोसला जात नाही. किती दिवस? बहुतेक कोष आठवड्याभरात फुटतात, पण काही फार रेंगाळतात. उबदार पाण्यात नोंदलेला सर्वांत उशिराचा कोष ७२ दिवसांनी फुटला, आणि अडीच महिन्यांचा प्रघात तिथून पडला आहे. इतके दिवस माशांविना टाकी पाहवत नाही हे मी जाणतो. तरीही दिवस कापू नयेत. थंड पाण्यात तर कोष महिनोन्‌महिने झोपून राहू शकतात.

सफाई करणारे मासे आणि कोळंबी हा उपचार आहे, ही समजूत फार पसरली आहे. निळ्या पट्ट्याचा क्लीनर रॅस समुद्रात खरोखर अफाट काम करतो. ग्रेट बॅरियर रीफवर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजले तेव्हा एक मासा दिवसाला सुमारे १२०० परजीवी खात होता. पण ते मुख्यतः नॅथिइड, म्हणजे रक्त शोषणारी बारीक कवचधारी पिल्ले. कातडीखाली दडलेला क्रिप्टोकॅरियॉन त्याच्या तोंडी लागत नाही. शिवाय घरच्या टाकीत पुरेसे खाद्य न मिळून हा मासा बहुधा उपाशी मरतो. त्याला औषध म्हणून विकत घेणे मला अन्यायाचे वाटते. लसणाने मासा खाऊ लागत असेल तर जरूर द्यावा. रोग बरा होतो याला पुरावा नाही.

या साऱ्यात एक गोष्ट आशादायक आहे. माशालाही प्रतिकारशक्ती येते. इंग्लंडमध्ये बर्जेस आणि मॅथ्यूज यांनी आपल्या बोय माशाच्याच कुळातल्या एका जातीवर प्रयोग केले, तेव्हा संसर्गातून उठलेले मासे पुढे सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी सुरक्षित राहिले. म्हणून कित्येक टाक्यांत रोग असूनही वर्ष-वर्ष काही दिसत नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडतो, वीज जाते, नवा मासा येतो, आणि कल्ल्यांत दबून राहिलेले उसळते. अशी टाकी निरोगी म्हणायची का, यावर माणसे हिरिरीने भांडतात. माझे उत्तर नाही असे आहे, पण प्रतिकारशक्ती टिकवणारे चांगले खाणे, स्थिर पाणी आणि कमी गर्दी यांचे मोल मी कुठेही कमी लेखलेले नाही.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने. फॉर्मेलिन कर्करोगकारक आहे, ते बंद खोलीत उघडू नये. क्लोरोक्विन फॉस्फेट वेल्व्हेटवर चालते, पण २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका जोडप्याने माशांसाठीचे हेच औषध करोनाच्या भीतीने घेतले आणि त्यातला पुरुष दगावला. माशांची औषधे घरातल्या औषधांपासून दूर, कुलपात, ठळक नाव लिहून ठेवावीत.

हे रोग केवळ हौशी लोकांचे नाहीत. समुद्रातल्या पिंजऱ्यांत जिताडा आणि मोदुसा वाढवणाऱ्यांना तेच परजीवी भेटतात, कारण पिंजराही गर्दीची जागाच आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात साधली आहे. असे टाकीत जन्मलेले मासे समुद्रातून ओरबाडलेल्यांपेक्षा रोगाने स्वच्छ असण्याची शक्यता जास्त, आणि ते घेतले तर प्रवाळावरचा भारही हलका होतो. पर्याय असेल तिथे तेच घ्यावेत.

शेवटची सूचना मेलेल्या माशाबद्दल. तो लगेच टाकीतून काढावा, पण फेकून देऊ नये. यजमान मेला की परजीवी त्याला भराभर सोडून जातात, त्यामुळे कल्ल्याचा तुकडा आणि कातडीचा थर पहिल्या तासाभरातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. स्वतःला जमत नसेल तर मासा पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, फ्रीझरमध्ये नाही, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि पाहण्यासारखे काही उरत नाही. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय अशा ठिकाणी माशांचे रोग शिकलेली माणसे असतात, त्यांच्याकडे विचारणा करावी. सोबत एका कागदावर मासा कधी आणला, ठिपके कोणत्या तारखेला दिसले, कोणत्या तारखेला गेले, काय घातले आणि किती, तापमान आणि खारटपणा किती होता, एवढे लिहून द्यावे. बाकीच्या माशांना वाचवायला तो कागद बहुतेक वेळा पुरेसा असतो.